घरच्या हाताचं माप

हां, टाळ जरा मांडीवर ठेवा, मंडळी. नाम घेऊन झालं, घसा मोकळा झाला. आता कान मोकळे करा!

आज मी एक प्रश्न घेऊन आलोय. पुढं बसलेल्या पोरांनो, आधी तुम्हाला विचारतो. कारण मोठ्या माणसांचं कसं असतं? उत्तर ठाऊक असलं तरी आधी शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघतात! तर सांगा — आपण एखाद्याला मनापासून काही दिलं. फसवलं नाही, हात आखडला नाही. वस्तू उत्तम, मन निर्मळ. असं दिलेलं कधी चुकतं का?

काय म्हणालीस बाळ? मोठ्यानं म्हण, मागं आजोबा बसलेत, त्यांना ऐकू यायला हवं. "नाही चुकत." शाबास! नाव काय तुझं? आरोही. आरोही म्हणते, मनापासून दिलेलं चुकत नाही. आणि बघा, इकडे बापे मंडळींनीही माना डोलावल्या! बरोबर, बरोबर. मलाही तसंच वाटायचं.

मग ऐका. मनापासून दिलेलं एका माणसाचं कसं चुकलं, ते सांगतो. आणि गंमत अशी — कसली गंमत म्हणा, दुःखच — ज्याचं चुकलं, त्याच्याइतका माप जाणणारा माणूस पंचक्रोशीत दुसरा नव्हता!

बोरखळी नावाचं गाव. दर गुरुवारी बाजार. बाजारात वडाच्या बाजूला अंबादास कासाराचं दुकान. दुकान म्हणजे काय, वर एक ताडपत्री, खाली सतरंजी, आणि बांगड्यांची खोकी. समोर गिऱ्हाइकाला बसायला घडी केलेलं गोणपाट. मागं, खोक्यांच्या आड, त्याची बायको अनसूया. गाव तिला अनसाबाई म्हणायचं. अंबादासनं नुसता हात मागं केला की अनसाबाई त्या हातात नेमकं खोकं ठेवणार. बोलावं लागत नसे. चाळीस वर्षांची सवय!

आता पोरांनो, बांगडी भरतात कशी, माहीत आहे? करा सगळ्यांनी डावा हात पुढं. अरे, बापे मंडळी, तुम्हीही करा, लाजता काय! आता अंगठा आत दुमडा, करंगळीच्या मुळाशी न्या. बघा! हात केवढासा झाला! ही जी अंगठ्याखालची उंच जागा आहे ना, हा बांगडीचा उंबरठा. मनगटावर काय, कुठलीही बसेल. पण हा उंबरठा ओलांडायचा कसा? कासार हात धरतो, हळूहळू दाबतो, गप्पा मारतो — "काय ताई, यंदा कांदा कसा आहे?" — ताईचं लक्ष कांद्याकडे, आणि बांगडी आत! काच फुटत नाही, हात दुखत नाही. याला म्हणतात कसब.

आणि माप? अंबादासला माप घ्यावंच लागत नसे. बाई दहा पावलांवर असतानाच तो म्हणायचा, "दोन-सहा." म्हणजे दोन इंच, वर सहा आणे. ती बसेपर्यंत खोकं तयार! कोणी नवीन सून आली, डोक्यावर पदर, हात पदरात. नुसती बोटं दिसली तरी हा म्हणणार, "सव्वादोन." आणि सव्वादोनच!

एकदा काय झालं — ऐका, हे महत्त्वाचं आहे — सरूबाई खोमणे बांगड्या भरायला बसली. अंबादासनं तिचा हात हातात घेतला. म्हणाला, "मावशी, मागच्या संक्रांतीला तुम्हाला अडीच लागत होत्या. आज सव्वादोनच्याही ढिल्या होताहेत. बांगड्या राहू द्या. आधी डॉक्टरला दाखवा." सरूबाई म्हणते, "काय मेलं, बारीक झाले तर चांगलंच की!" हा म्हणाला, "नाही. हे बारीक होणं चांगलं नाही." तिच्या मुलानं नेलं तिला. साखर निघाली. फार वाढलेली. डॉक्टर म्हणाले, अजून महिनाभर आल्या नसत्या तर अवघड होतं.

झालं! सगळ्या गावात बोलबाला. "डॉक्टरच्या आधी कासाराला कळलं!" बाया बांगड्या भरायला आल्या की विचारायच्या, "दादा, माझा हात बघा हो, बरा आहे ना?" अंबादासही मोठ्या ऐटीत हात धरायचा, डोळे मिटायचा — जसा काही वैद्य! — आणि म्हणायचा, "उत्तम आहे. फक्त रागवू नका नवऱ्यावर!"

हसा, हसा. हसून घ्या. पुढं हसायला फारसं नाही.

त्या चैत्रात त्याच्या लेकीचा फोन आला. लेक मंदा, लग्न होऊन शहरात. म्हणाली, "दादा, यंदा अक्षय तृतीयेला तुमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतात. आईला काहीतरी घ्या."

"काय घ्यायचं? तिला काय कमी आहे?"

"कमी आहे म्हणून नाही हो! आठवण म्हणून. इकडे सगळे देतात."

"इकडे म्हणजे शहरात. शहरात केकवर मेणबत्त्या लावून फुंकर मारून विझवतात. आपण दिवा विझवतो का?"

"दादा, फाटे फोडू नका. आजपर्यंत आईला तुम्ही एक तरी वस्तू ठरवून दिली आहे का?"

अंबादासनं फोन ठेवला. विचार करू लागला. खरंच की! साडी? साड्या ती दिवाळीला स्वतःच आणते. कानातलं? आहे. भांडी? बायकोला लग्नाच्या दिवशी कुकर देणारे महाभाग असतात — आमचे पेटीवाले मान खाली घालताहेत, त्यांचं नाव घेत नाही! — पण अंबादास तसा नव्हता. त्याचं मन खरंच गुंतलं त्या प्रश्नात. जेवताना विचार, बाजारात विचार. आणि एके दिवशी लख्ख आठवलं.

लग्नाचा दिवस. अठरा वर्षांची अनसा पाटावर बसलेली. तिला चुडा भरत होते अंबादासचे वडील. हा नवरामुलगा भिंतीआडून बघत होता. वडिलांनी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "सव्वादोन!" बस्स. तो आकडा याच्या काळजावर उमटला. पुढं लेक झाली, हात भरला, दोन-सहा झालं. मग अडीच. तेही याला ठाऊक. पण इतक्या वर्षांत त्यानं स्वतः, तिला समोर बसवून, तिच्या हातात चुडा भरला नव्हता. गिऱ्हाइकं थांबलेली असायची ना! सणावाराला तो एक डझन मागं सरकवायचा, ती आपल्या हातानं आपल्याच हातात भरायची.

अंबादासच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, ठरलं! साऱ्या गावाला भरल्या, आता घरच्या लक्ष्मीला भरीन. आणि काचेच्या नाहीत. लाखेचा चुडा. हिरवा, वर खड्यांची वेल. खास करवून!

सांगा मंडळी, चुकला का? वस्तू उत्तम! मन निर्मळ! काय चुकलं?

आता घराच्या आत या. अंबादास जे बघत नव्हता, ते तुम्हाला दाखवतो.

दिवाळीपासून अनसाबाईच्या पोटात दुखत होतं. आधी जेवल्यावर, मग जेवायच्या आधी, मग सारखंच. घास उतरेना. अर्धी भाकरी, मग चतकोर, मग नुसतं ताक. नवऱ्यानं विचारलं, "जेवत का नाहीस?" तर म्हणायची, "उपास आहे." सोमवार झाला, गुरुवार झाला, चतुर्थी, एकादशी, शनिवार... घरात उपास वाढत गेले! आणि अंबादास शेजाऱ्याला कौतुकानं सांगत होता, "वय झालं की बायका देवाकडे वळतात बघा."

चोळ्या ढिल्या झाल्या, तिनं आतून टाके घातले. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जाऊ लागल्या, तेव्हा तिनं त्यांना आतल्या बाजूनं दोरा गुंडाळला, घट्ट बसाव्यात म्हणून. कासाराच्या घरातली बाई! माप कसं लपवायचं, तिच्याहून जास्त कोणाला कळणार?

म्हणजे आता तुम्हाला कळलं, मला कळलं, पुढं बसलेल्या आरोहीला कळलं — ही बाई आजारी आहे, आणि एकेक दिवस हातातून जातो आहे. एका माणसाला तेवढं कळलं नाही. तो निघाला होता तिला भेट आणायला!

तालुक्याच्या गावी हुसेनभाई मणियार लाखेच्या बांगड्या करायचे. अंबादास तिथं गेला. हुसेनभाईंनी लाख तापवायला घेतली आणि विचारलं, "माप?"

"अडीच."

"भाभींची जुनी बांगडी आणलीय का नमुन्याला?"

"हुसेनभाई! मला माप विचारता? अहो, माझ्या डोळ्यांत माप आहे!"

"ते आहेच. पण काचेचं वेगळं, लाखेचं वेगळं. लाख गरम असते तोवर ऐकते. एकदा थंड झाली की दगड. भाभींना एकदा घेऊनच या ना. हात बघतो, चहा पिऊ, अर्ध्या तासाचं काम."

"मग तिला कळेल की! न सांगता द्यायचंय. चाळीस वर्षांचं माप आहे हे, हुसेनभाई. बिनघोर करा."

हुसेनभाईंनी केला. असा चुडा, की बघणाऱ्याची नजर हलू नये!

इथं जरा थांबतो. मंडळी, आपण देवाला नैवेद्य दाखवतो. ताट ठेवतो, पाणी फिरवतो, आणि काय करतो? डोळे मिटतो! देवाचं ठीक आहे. तो डोळे मिटून दिलेलंही घेतो, मोठ्या मनाचा आहे. माणसाला डोळे मिटून देता येत नाही हो. माणसाला बघावं लागतं. दोन-दोनदा बघावं लागतं.

अक्षय तृतीया आली. सकाळी घागरीची पूजा झाली. मंदा आणि जावई आले. आमरस झाला, कुरडया तळल्या. अनसाबाईनं सगळं केलं — आणि स्वतःच्या ताटात एक चमचा रस घेतला. मंदा म्हणाली, "आई, आज तरी उपास नाही ना?" ती म्हणाली, "सकाळपासून चाखून चाखूनच पोट भरलं गं."

दुपारी अंबादासनं पाट मांडला. शेजारच्या बाया जमल्या. मंदानं गुपचूप बोलावल्या होत्या. सरूबाई खोमणेही त्यात होती. पाटाभोवती रांगोळी. अनसाबाई बाहेर आली, बघते तर हा प्रकार!

"हे काय आता?"

"बस पाटावर."

"अहो, भांडी पडलीत."

"पडू दे."

सरूबाई म्हणाली, "बस गं अनसे! जन्मभर आमच्या हातांशी खेळला हा बाबा. आज घरच्या गिऱ्हाइकाची पाळी!"

सगळ्या हसल्या. अनसाबाई हसली नाही. तिनं हात पदराखाली घेतले. "माझे हात ओले आहेत," म्हणाली. "आधी पुसून येते."

"ओले असले तर बरंच की, बांगडी सरकते!" अंबादासनं खोकं उघडलं. चुडा बघून बाया "अगं बाई!" म्हणाल्या. मंदाच्या डोळ्यांत पाणी. "आण हात," तो म्हणाला.

अनसाबाईनं त्याच्याकडे बघितलं. ते बघणं कसलं होतं, हे त्याला पुढं कितीतरी दिवस उमगत राहिलं. आणि तिनं एका हातातल्या जुन्या बांगड्या उतरवून तो हात पुढं केला.

अंबादासनं चाळीस वर्षांच्या सवयीनं अंगठ्याखाली दाब द्यायला बोट नेलं, दाबायच्या आधीच बांगडी आत गेली. उंबरठा राहिलाच नव्हता! एक गेली, दुसरी गेली, कोपराला जाऊन भिडल्या. अनसाबाईनं हात खाली केला, आणि दोन्ही बांगड्या मनगटावरून, पंजावरून, सरळ जमिनीवर. लाखेच्या त्या. फुटल्या नाहीत. रांगोळीतून गोल गोल फिरत गेल्या आणि उंबऱ्याला लागून पडल्या.



मग अंबादासनं तिचा हात दोन्ही हातांत घेतला. आणि पहिल्यांदा, दिवाळीनंतर पहिल्यांदा, त्याच्या बोटांनी तो हात वाचला. सरूबाईचा वाचला होता तसा. हाडं. नुसती हाडं, आणि वर सैल कातडी. दुसऱ्या हातातल्या जुन्या बांगडीला गुंडाळलेला दोरा त्याच्या बोटाला लागला.

"अनसा... कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"सहा महिने! आणि बोलली नाहीस?"

"आधी लग्नसराई होती. मग संक्रांत आली. म्हटलं, तुमचा हंगाम जाऊ दे."

"अगं, पण एका शब्दानं सांगायचंस!"

तेव्हा ती म्हणाली — मंडळी, तिच्या आवाजात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं — ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला दिसेल. तुम्हाला सगळ्यांचं दिसतं."

अंबादास उठला. घाईघाईनं बांगड्या गोळा करायला लागला. माणसाला मोठी गोष्ट झेपली नाही की तो लहान गोष्ट हातात घेतो. म्हणाला, "माप चुकलं. हुसेनभाईकडे जातो. तापवून लहान करून देतील. उद्याच आणतो."

"अहो," अनसाबाई म्हणाली, "किती वेळा लहान करून आणाल?"

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी अंबादासला एकट्याला आत बोलावलं. पोटात गाठ होती, आणि गाठ आता पोटापुरती राहिली नव्हती. डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणलं असतं तर..." आणि तिथंच थांबले. भला माणूस असावा. पुढचं बोलला नाही.

अंबादास बाहेर आला. बाकावर अनसाबाई बसलेली.  तो शेजारी बसला. म्हणाला, "तुला काय हवंय? काहीही सांग. यावेळी मी ठरवत नाही. तू सांग."

तुम्हाला काय वाटतं, काय मागितलं असेल तिनं? तीर्थयात्रा? दागिना? काय गं आरोही? "बरं वाटावं." होय बाळा. ते मागता आलं असतं तर तेच मागितलं असतं तिनं.

ती म्हणाली, "मला बाजारात न्या. गोणपाटावर बसायचंय."

"कुठल्या गोणपाटावर?"

"दुकानापुढच्या. गिऱ्हाइकाच्या. एवढी वर्षं मागं बसून बघितलं. बाया येतात, बसतात, तुम्ही विचारता — कुठल्या भरू ताई, हा रंग बघता का, तो बघता का. मला कधी कोणी विचारलं नाही."

मंडळी, आजूबाजूला आजारी माणसं, नर्सबाईंची धावपळ, आणि तो बांगडीवाला तिथं बाकावर ढसढसा रडला.

पुढच्या गुरुवारी त्यानं तिला बाजारात नेलं. रिक्षातून उतरवलं, जवळजवळ उचलूनच गोणपाटावर बसवलं, पाठीला उशी दिली. मागची जागा रिकामी. समोरच्या जागेवर बायको! बाया जमल्या होत्या, त्या मागं सरून उभ्या राहिल्या. अंबादासनं घसा खाकरला.

"या वहिनी, बसा."

"वहिनी काय? गिऱ्हाइकाला ताई म्हणतात."

"तुला ताई कशी म्हणू गं!"

"मग काही म्हणू नका. माल दाखवा!"

बाया हसल्या. तीही हसली. त्यानं एक खोकं उघडलं. ती म्हणाली, "ह्या नकोत. ह्यांवर मळ दिसतो." दुसरं उघडलं. "ह्या कसल्या हो? माझ्या सासूबाईंच्या वेळच्या!" तिसरं, चौथं. "ऊन पडलं की रंग जाईल याचा." "नाही जात." "सगळे दुकानदार असंच म्हणतात!" अहो, एरवी गिऱ्हाइकं किती छळतात, ते सारं तिनं मागं बसून पाठ केलं होतं! अंबादास एकेक खोकं उघडत होता. माल निम्मा गोणपाटावर आला. खोळंबलेल्या बायांपैकी एकीनंही घाई केली नाही.

शेवटी तिनं एका खोक्यावर बोट ठेवलं. जांभळ्या. "ह्या. आणि मध्ये एकेक पांढरी."

अंबादास बघतच राहिला. "जांभळ्या? अगं, तू तर कायम हिरव्या..."

"तुम्ही हिरव्या द्यायचात," ती म्हणाली. "मी घालायचे."

बस्स. एवढंच. चाळीस वर्षांचा हिशेब नाही, तक्रार नाही. तुम्ही द्यायचात, मी घालायचे.

त्यानं तिचा हात घेतला. माप सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. यावेळी डोळ्यांवर भरवसा ठेवला नाही. हात उलटासुलटा केला, बोटं एकत्र धरली, अंगठा हलकेच आत घेतला, परत सोडला, परत घेतला. बराच वेळ लागला. मग त्यानं स्वतः उठून बाजूला ठेवलेलं एक छोटं खोकं आणलं. लहान मुलींच्या बांगड्यांचं. ते बघून सरूबाईनं पदर तोंडाला लावला. पण अनसाबाई म्हणाली, "बरं झालं. यातलेच रंग चांगले असतात. मंदाला भरायचात, तेव्हा मला हेवा वाटायचा!"

बांगड्या भरल्या. नीट बसल्या. ना सैल, ना घट्ट.

आता मंडळी, कासाराची एक रीत आहे. बांगड्या भरून झाल्या की बाई वाकून नमस्कार करते. कासार आशीर्वादाची एक बांगडी वर भरतो आणि म्हणतो, अखंड सौभाग्यवती हो. अनसाबाई वाकली. बाकीच्यांसारखीच वाकली. अंबादासनं आशीर्वादाची बांगडी भरली, आणि शब्द घशात अडकला.

का अडकला? पोरांनो, तुम्हाला सांगतो, हळूच सांगतो. अखंड सौभाग्य म्हणजे काय? बाईच्या आधी तिचा नवरा जाऊ नये. दिवसाला पन्नास जणींना तो हे म्हणत आला होता. आज त्याला त्याचा अर्थ दिसला. हा आशीर्वाद खरा होणार होता. लवकरच खरा होणार होता.

ती वाकलेलीच. म्हणाली, "म्हणा की. सगळ्यांना म्हणता."

आणि तो म्हणाला. कसं म्हणाला, ते मला सांगता यायचं नाही.

ज्येष्ठ संपता संपता अनसाबाई गेली.

विठ्ठल. विठ्ठल. नाही, टाळ नको. नुसतं तोंडानं म्हणा. विठ्ठल.

आरोही, बाळा, तू म्हणालीस, मनापासून दिलेलं चुकत नाही. तुझं चुकलं नाही हो. अंबादासनं दिलं ते मनापासूनच दिलं. पण कोणाला दिलं? आठवणीतल्या अनसेला दिलं. जिचा हात भरलेला होता, तिला. समोर बसलेली अनसा, उपासाच्या नावाखाली उपाशी असलेली, ती तशीच राहिली. द्यायच्या आधी बघायचं असतं, बाळा. एवढं एक तुम्ही पोरांनी लक्षात ठेवा, बाकीचं कीर्तन विसरलात तरी चालेल.

आणि बायांनो, तुम्हालाही सोडत नाही! दिसेल, दिसेल म्हणून वाट बघत बसू नका. दुखतं तर दुखतं म्हणा. हंगाम दरवर्षी येतो, तुम्ही येत नाही. देवाला मनातलं कळतं, पण नवरा म्हणजे देव नव्हे. त्याला सांगावं लागतं!

आता बापे मंडळी, तुमच्याकडे वळतो. सोपी परीक्षा घेतो. आधी पोरांनी सांगा — तुमच्या आईला रंग कुठला आवडतो? अबोली. शाबास! तुझ्या? पिवळा. तुझ्या? मोरपंखी. बघा, कशी पटापट सांगताहेत! आता पोरांच्या वडिलांनी सांगा. रंगाचं जाऊ द्या. घरात तुमच्याबरोबर जी राहते, तिचं आज काय दुखतंय? सकाळी ती काय जेवली? जेवली का?

काय झालं? गप्प का? अहो, इकडे पोराच्या तोंडाकडे काय बघता! तो नाही सांगणार. सांगू नकोस रे बाळा.

उत्तर मला नकोच आहे. ती तिकडे बसली आहे. या बाजूला पुरुष, त्या बाजूला बाया, आणि मध्ये चार पावलांची ही वाट. चारच पावलं! आरती थांबली आहे, प्रसाद झाकून ठेवला आहे, देव कुठं जात नाही. उठा. पलीकडे जा. तिच्यासमोर बसा, आणि विचारा.

लोक हसतील? हसू द्या. कोण उठतंय पहिलं? या, या आजोबा. काठी घ्या. सावकाश या, आम्हाला मुळीच घाई नाही. पोरांनो, आजोबांना वाट द्या.